दारातली पिशवी

इवातानी, शिमाने प्रांत, जपान
१४ एप्रिल २०२४

आदरणीय मोठेबाबांना
ऋचाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं ‘बरं, बरं’ म्हणता. म्हणून आजपासून पत्र. सुनीती मावशीला मेसेज करून तुमची खबर घेत जाईनच, तेव्हा गुडघ्याबद्दल खोटं लिहू नका.

मी पोचले, रुळले. शाळा डोंगराच्या पोटाशी आहे आणि मुलं इतकी थोडी की पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं पाठ झाली. इंग्रजी शिकवायचं म्हणून मला आणलं, पण त्यांना माझ्या इंग्रजीपेक्षा माझ्या वेणीत जास्त रस आहे. राहायला एक जुनं शेतकऱ्याचं घर दिलंय. आजूबाजूला भातखाचरं, आणि जवळचं घर हारुए-सान, म्हणजे हारुएबाईंचं. ऐंशीच्या पुढच्या असतील. कमरेत वाकलेल्या, पण चालतात माझ्यापेक्षा भरभर.

आता गंमत ऐका. पहिल्याच शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर बांबूचे कोवळे कोंब, आणि शेजारी कागदाच्या पुडीत चक्क भाताचा कोंडा. ना नाव, ना चिठ्ठी. कोंब ठीक आहेत, पण कोंडा? माझ्या दारात गुरांचं खाणं कोणी ठेवलं, या विचाराने डोकंच तापलं. कोंडा टाकून दिला. कोंबांची रस्साभाजी केली, ती कडू जहर झाली.

नंतर कळलं की ठेवणाऱ्या हारुए-सान. संध्याकाळच्या आत बिस्किटांचा चांगला डबा घेऊन त्यांच्या दारी गेले आणि देऊनच आले. मग कोबी आला, त्याच दिवशी मी केक नेला. मग पालेभाजी आली, तर शनिवारची बस पकडून शहरातून पेटीतलं महागडं टरबूज आणलं आणि अंधार पडायच्या आत पोचवलं. फुकटची भाकर आपल्या घरात येत नाही, हे तुमचं वाक्य मी साता समुद्रापार जपलं आहे. शाबासकी द्या.

मोठी आई जाऊन जेमतेम तीन महिने होत होते आणि मी तुम्हाला एकटं टाकून निघाले, हे मनातून जात नाही. तुम्हीच ढकललंत, तरी जात नाही. जेवत जा.

तुमची माया आहेच, ती आटू देऊ नका.
आपली,
ऋचा


कार्डिफ
२८ एप्रिल २०२४

चि. ऋचा हिस
मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोनदा वाचले, एकदा चष्म्याने आणि एकदा चष्मा सापडत नव्हता म्हणून भिंगाने. शाबासकी दिली आहे असे समज. टरबूज जरा जास्तच झाले, पण कमी पडण्यापेक्षा बरे.

तू नऊ वर्षांची पोरकी होऊन नागपूरहून आमच्याकडे आलीस, तेव्हा तुला काही गोष्टी सांगण्याजोगे वय नव्हते. आज सांगतो. माझी आई सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गावात घरोघर उभी राहायची. उंबऱ्याबाहेर. शिळ्या भाकरी, उरलेला भात वरून टोपलीत टाकत, हाताला हात लागू नये म्हणून. गावकीचा हक्क म्हणायचे त्याला. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर माझ्या वडिलांनी ती टोपली चुलीत घातली. मी सहा वर्षांचा होतो. ओली असल्यामुळे धूर फार झाला, एवढे मला स्पष्ट आठवते. आई खोकत होती आणि हसत होती. त्यानंतर मी कोणाच्या हातून काही घेताना आधी त्याची किंमत विचारतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये इतकी वर्षे काढली, तिथे कोणाचा वाढदिवसाचा केकसुद्धा आधी माझा डबा पुढे केल्याशिवाय खाल्ला नाही.

गुडघ्याचे ऑपरेशन अकरा जूनला नक्की झाले. लगेच आपल्या बुद्धविहार मंडळातली सुनीती आणि शेजारची ग्वेन अशा दोघी मिळून आल्या. माझ्या जेवणाचा रोटा करणार म्हणे, आज अमकीचे सूप, उद्या तमकीची खिचडी. मी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितले. फ्रीजर भरून ठेवतो आहे. वरण, भात, कोंबडी, सगळ्यावर तारखा घातल्या आहेत. तुझ्या मोठ्या आईने, चंदाने पाहिले असते तर हसली असती.

तिने कौन्सिलकडून भाड्याने घेतलेला भाजीचा प्लॉट यंदा परत द्यावा म्हणतो. मार्चपासून मी तिकडे फिरकलो नाही. माझ्याने तिथे उभे राहवत नाही. ती असती तर एव्हाना मेथीच्या वाफ्यासाठी माती भुसभुशीत करून झाली असती.

थंडी असेल तर दोन पायमोजे घाल. आमची काळजी नको, तुझी आम्हाला करू दे.
तुझे,
मोठेबाबा


इवातानी
१६ मे २०२४

आदरणीय मोठेबाबांना
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या आईच्या टोपलीबद्दल मी दोनदा वाचलं. प्लॉट देऊ नका. निदान एवढ्यात नको.

इथे माझं एक गणित साफ चुकलं, ते सांगते. टरबुजानंतर माझी पायरी रिकामी झाली. आठवडा गेला, दुसरा गेला, काही नाही. वाटलं भाज्यांचा मोसम संपला. पण शेजारच्या पायऱ्यांवर तर कांद्याच्या जुड्या दिसत होत्या.

मग लावणीआधीची पाटांची सफाई आली. डोंगरातून पाणी ज्या पाटांनी खाचरांत उतरतं, ते वर्षातून एकदा सगळं गाव मिळून साफ करतं. ज्याचं शेत नाही तोही येतो. मीही फावडं घेऊन गेले, गुडघाभर चिखलात उभी राहिले. काम संपल्यावर सगळे बांधावर फतकल मारून बसले आणि एकाच परातीतून भाताचे गोळे खाऊ लागले. मला मात्र त्यांनी वेगळी गादी घातली आणि वेगळ्या तबकात वेगळं वाढलं. मोठेबाबा, आपल्या घरच्या माणसाला वेगळ्या ताटाचा अर्थ सांगावा लागत नाही. वाढणाऱ्या बायका हसत होत्या, वाकून नमस्कार करत होत्या, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या माकी-सानला धीर करून विचारलं. ती आधी गोंधळली, मग वाईट वाटून घेत म्हणाली की ते तबक पाहुण्याच्या मानाचं होतं. पाहुणी का, तर मीच तसं ठरवून टाकलं होतं. इथे पायरीवर भाजी ठेवतात ती आपल्याकडे आलेल्यातला वाटा म्हणून. घेणाऱ्याने ती खायची, आणि कधीतरी, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, आपल्याकडे काही आलं की त्यातलं ठेवायचं. मी दर वेळी त्याच संध्याकाळी दुकानातलं काहीतरी नेऊन टेकवत होते. त्यांना वाटलं, या मुलीला आपल्याशी काही ठेवायचं नाही. टरबुजाने तर हारुए-सान घाबरून गेल्या. एवढ्या मोठ्या वस्तूपुढे आता काय ठेवायचं हे सुचेना, म्हणून त्यांनी कोबीसुद्धा ठेवायचा बंद केला.

आणि कोंडा गुरांसाठी नव्हता. बांबूचे कोंब त्या कोंड्याच्या पाण्यात उकळले की त्यांचा कडूपणा जातो. नव्या माणसाला ठाऊक नसेल म्हणून आजींनी तो आठवणीने बांधून दिला होता. मी तो फेकला आणि वर चिडले.

माकीच्या सल्ल्याने मी रिकाम्या हाताने हारुए-सानकडे गेले आणि विळा उसना मागितला. मागताना कान गरम झाले होते. त्यांचा चेहरा मात्र असा उजळला की काय सांगू. विळा दिला, धरायचा कसा ते दाखवलं, माझ्या धरण्याला पोटभर हसल्या. परवा पायरीवर कांद्याची जुडी होती. मी परत काहीही नेलेलं नाही. केक आणायला निघावंसं वाटतं, पण बसून आहे.

म्हणून म्हणते, ग्वेन आंटीला आणि सुनीती मावशीला येऊ द्या. एवढं ऐका.

माझ्यावर रागावलात तरी प्रेम कमी करू नका.
आपली,
ऋचा


कार्डिफ
१ जून २०२४

चि. ऋचा हिस
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. विळा नीट धर, बोटे सांभाळ.

बाकी तुझा उपदेश मला पटला नाही, आणि मी ते गोड बोलून सांगणार नाही. तुझे ते जपानी लोक चांगले आहेत, त्यांच्यात तू रुळलीस, मला आनंद आहे. पण त्यांच्या आज्या टोपली घेऊन उभ्या राहिल्या नव्हत्या. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन आहे, त्यांनी एकमेकांच्या पायरीवर कोबी ठेवला तर तो वाटा. माझ्यासारख्याच्या दारात कोणी अन्न ठेवले तर माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो काटा यायला आईला मला काही शिकवावे लागले नाही. तू शहाणी झालीस, पण दोन महिन्यांत एवढीही होऊ नकोस की मला आमचा इतिहास समजावशील.

ग्वेन भली आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. तिला सांगितले आहे की काही लागले तर मीच फोन करीन. करणार नाही हे तिलाही माहीत आहे आणि मलाही, पण बोलण्याची एक रीत असते.

प्लॉट परत करण्याचे पत्र ऑपरेशननंतर लिहीन. सध्या उठबस जमत नाही.

हे पत्र कडक झाले आहे, पण फाडून दुसरे लिहिण्याचा उत्साह नाही. यातच माझी माया शोधून घे.
तुझे,
मोठेबाबा


इवातानी
२६ जून २०२४

आदरणीय मोठेबाबांना
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं कडक पत्र मी हारुए-सानच्या स्वयंपाकघरात बसून वाचलं. त्यांना काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी पुढ्यात लोणचं ठेवलं. तुमचं म्हणणं खरं आहे. ती टोपली मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मी बोलू नये.

पण जे पाहिलंय ते बोलते. ग्वेन आंटीचा नवरा आजारी होता तेव्हा मोठी आई हिवाळाभर त्यांच्याकडे डबा देत होती. ग्वेन आंटी तिचं भांडं परत देताना त्यात काहीतरी घालून द्यायला शिकली, कारण मोठ्या आईने तिला सांगितलं होतं की आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. कधी दोन सफरचंदं, कधी नुसती चिमूटभर साखर. तेव्हा तुम्ही ग्वेनला मिंधी समजत होतात का? नव्हतात. मग तिने तुम्हाला काही दिलं तर तुम्ही कसे मिंधे होता? देणारे फक्त आपणच, दुसऱ्या कोणाला ती संधीच द्यायची नाही, हा कसला न्याय?

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बाथरूममध्ये पडलात आणि मला कळवलं नाहीत. सुनीती मावशीने कळवलं. कठड्याला धरून कितीतरी वेळ बसून राहिलात म्हणे, आणि हाक मारली नाहीत. तीच सांगत होती की ग्वेन आंटी तुमच्या दारात पिशवी ठेवते आणि तुम्ही ती वॉकरला अडकवून, नव्या गुडघ्याने चालत जाऊन तिच्या दारात परत ठेवता.

मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. जुलैअखेर सत्र संपतं. तुम्ही असेच दार लावून बसणार असाल तर मी नोकरी सोडून कार्डिफला येते. हा धाक नाही. मला इथे राहायचंय. भात पोटरीत आलेला बघायचाय, कापणीला बोलावलंय मला, या वेळी वेगळ्या गादीवर नाही. पण तुम्ही पडाल आणि हाक मारणार नाही, हे माहीत असताना मला इथे झोप लागत नाही. आई-बाबांनंतर मला तुम्ही दोघंच होतात. आता एकटे तुम्ही आहात.

काय ते लवकर कळवा. तुमच्या आशीर्वादावरच माझं चाललंय.
आपली,
ऋचा


कार्डिफ
१० जुलै २०२४

चि. ऋचा हिस
मोठेबाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच आठवड्यात इथे एक प्रकार घडला. कसा सांगावा कळत नाही, म्हणून घडला तसा लिहितो.

मंगळवारी दारात पुन्हा पिशवी. कापडी, निळी, नेहमीचीच. मी ती वॉकरला अडकवली आणि निघालो. आदल्या रात्री पाऊस पडला होता, पिशवी ओलसर होती, आणि दोन पावलांवर मला वास आला. मी थांबलो. वाटले भास होतो आहे. वाकता येत नाही म्हणून पिशवी तशीच उचलून नाकाशी धरली. मेथी होती, पोरी. दुकानातली मरगळलेली जुडी नव्हे, नुकतीच उपटलेली, मुळांना माती असलेली. आपल्या चंदाच्या हातची असायची तशी, बारीक पानांची.

मी तिथेच फुटपाथवर उभा राहून रडलो. पोस्टमनने विचारले की अँब्युलन्स बोलवू का.

ग्वेन आवाज ऐकून बाहेर आली. तिला मी पहिल्यांदाच आपणहून घरात बोलावले आणि विचारले. ती म्हणाली की गेल्या डिसेंबरात चंदाने हॉस्पिटलच्या खाटेवरून तिला बियांचा पत्र्याचा डबा दिला होता आणि सांगितले होते, आमचे हे यंदा प्लॉटवर जाणार नाहीत, तू थंडी ओसरली की पेर. ग्वेनने पेरले. सुनीती रविवारी जाऊन तण काढायची. प्लॉट आहे तसा आहे, किंबहुना माझ्या हातात असता त्याहून बरा आहे. म्हणजे इतके दिवस मी ज्या पिशव्या परत करत होतो, त्यांत माझ्याच प्लॉटवरची, चंदाच्याच बियांची मेथी होती.

मला का सांगितले नाही, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तिने शांतपणे उलट विचारले की मी तिला बोलू कधी दिले? ती तोंड उघडायच्या आत मी थँक्यू म्हणून दार लावत होतो. आणि पिशव्या न उघडता परत येतात हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. तिला वाटले, मेथी पाहून मला चंदा आठवते आणि सोसत नाही, म्हणून मी परत ठेवतो. त्यामुळे तिने कधी विषय काढला नाही आणि सुनीतीलाही काढू दिला नाही. पण ठेवायचे थांबवलेही नाही, कारण चंदाला शब्द दिला होता. परत आलेली मेथी ती देठांसकट सूपमध्ये घालत होती. चव कशी लागते विचारले, तर वेल्श माणसाला शोभेल इतक्या सभ्यपणे म्हणाली की सवय होते.

मग आम्ही दोघांनी टेबलाशी बसून मेथी निवडली. पाने कोणती घ्यायची ते मी तिला दाखवले. भाजी केली, भाकरी माझ्याने थापवेना म्हणून पिटा ब्रेडशी खाल्ली. जेवताना मी तिला आईच्या टोपलीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली, ते मला बरे वाटले.

ती गेल्यावर मी विचार करत बसलो. मागच्या पत्रात तुला लिहिले त्यातला टोपलीचा भाग मी मागे घेत नाही. आईच्या टोपलीत जे पडायचे ते लोकांना नको असलेले. म्हणून ती जाळली ते योग्यच झाले. पण ग्वेनच्या पिशवीत जे होते ते कोणीतरी गुडघे टेकून माझ्यासाठी पेरलेले होते. मी दोन्ही एकच समजलो आणि माझ्याच माणसाचा शेवटचा निरोप चार वेळा परत पाठवला. तू कोंडा फेकलास, मी मेथी. एकाच घरचे आहोत.

तेव्हा आता ऐक. तू येऊ नकोस. मुख्याध्यापकांना तसे सांग. कापणीला जा, सगळ्यांच्यात बसून त्या परातीतून खा, आणि हारुएबाईंना माझा जयभीम सांग, त्यांना कळो न कळो. ग्वेनकडे घराची किल्ली दिली आहे. बाथरूममध्ये भोंगा बसवला आहे, तो दाबला की तिच्याकडे वाजतो. परवा मीच तिला फोन करून सांगितले की मला प्लॉटवर घेऊन चल. मागताना माझेही कान गरम झाले, तुझ्यासारखेच. वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून तासभर बसलो. प्लॉट परत करण्याचे पत्र लिहिणार नाही.

थोडी मेथी बियांसाठी तशीच ठेवली आहे. तुला पाठवणार होतो, पण सुनीती म्हणते जपानी कस्टम्सवाले धरतील. तू आलीस की स्वतः पेर.

माझ्याकडून लोभात खंड नाही, तुझ्याकडूनही नसावा.
तुझे,
मोठेबाबा

ता. क. ग्वेनची निळी पिशवी मी धुऊन, घडी करून लगेच परत द्यायला निघालो होतो. मग तुझे टरबूज आठवले. दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे. राहू दे तिथेच काही दिवस.